शंकासमाधान : नाताळबाबाची बिदागी

शंका : आमच्या अपार्टमेंटमध्ये २५ डिसेंबरला मुलांसाठी कार्यक्रम ठेवलाय. एरवी वाढदिवसाला मिकी माऊस होऊन येणारा एक मुलगा सांता म्हणून ठरवला. आता दोन-तीन घरांतून कुरबुर सुरू झालीय, ‘आपला सण नाही, कशाला हे?’ ख्रिस्ती कुटुंब एकच आहे. आणावा का? आणि आणला तर व्यवस्था कशी ठेवावी?
— सोसायटीच्या एक सदस्या, परभणी

समाधान : आणा. पण आधी त्या एका ख्रिस्ती घरी जाऊन या. ज्यांचा सण, त्यांना शेवटी कळवायचं, ही आपली नेहमीची चूक. त्यांच्यासाठी नाताळ म्हणजे येशूचा जन्म. २५ तारखेची सकाळ त्यांची चर्चमध्ये जाते आणि मराठी ख्रिस्ती घरांत त्या दिवशी करंजी-चकलीचा फराळही असतो. तेव्हा कार्यक्रम संध्याकाळी ठेवा. त्याच तारखेला १९२७ साली महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली. तुमच्या इमारतीतली काही घरं त्या दिवशी त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला जात असतील, त्यांनाही वेळ विचारून घ्या. कुरबुर करणाऱ्यांना सांगा की फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला परभणीतली कोणती घरं पाळणे आणि मिठाईसाठी जात नाहीत? तिथे जाऊन आपला देव बदलला नाही. इथेही बदलणार नाही.

आता त्या मुलाबद्दल. माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे, कारण सांताचा विचार सगळे करतात आणि आतल्या माणसाचा कुणीच करत नाही. आपल्याकडे बहुरूपी दारात यायचा. पोलीस होऊन दरडावायचा, घरातली माणसं खोटंखोटं घाबरायची, मग सोंग उतरलं की त्याला धान्य, जुनं कापड, पैसे देऊन वाटेला लावायची. त्याला भिकारी म्हणत नसत. ती त्याची बिदागी. तुमच्या सांताचंही तसंच समजा.

त्याला कपडे बदलायला एक खोली द्या, जिन्याखाली उभं करू नका. तो पोशाख बहुतेक नायलॉनचा असतो. बंद हॉलमध्ये दिव्यांखाली त्यात माणूस उकडून निघतो आणि कापसाच्या दाढीतून पाणीही पिता येत नाही. अर्ध्या तासानंतर त्याला आत नेऊन दाढी काढायला सवड द्या. मुलांच्या नावांची यादी आधीच हातात द्या, नाहीतर तो प्रत्येकाला ‘बेटा’ म्हणत फिरेल. भेटी सगळ्यांना सारख्या किमतीच्या असाव्यात. बिल्डरच्या नातवाला रिमोटची गाडी आणि बाकीच्यांना खोडरबर, हे मुलं विसरत नाहीत. वॉचमनची आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींची मुलं यादीत आहेत का, ते आजच पाहा. रडणाऱ्या लेकराला फोटोसाठी सांताच्या मांडीवर कोंबू नका. लेकराला नको असेल तर नको, आणि अशा वेळी सांता झालेल्या मुलालाही अवघडल्यासारखं होतं.

पैसे आधी ठरवा आणि त्याच रात्री, मुलांच्या नजरेआड, पाकिटात द्या. ‘उद्या या, खजिनदार गावाला गेलेत’ असं ऐकवू नका. जेवायला बसवा. परभणीची डिसेंबरातली थंडी तुम्हाला ठाऊक आहे, विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. हा पोरगा मोटारसायकलवर पूर्णा किंवा मानवतला परत जाणार असेल, तर त्याला साडेआठला मोकळा करा.

शंका : मी माळकरी आहे. सूनबाई नातवंडांसाठी घरी सांता बोलावणार म्हणते. शिवाय केक. माझ्या नेमाला बाध येईल का?
— एक आजोबा, गंगाखेड

समाधान : आजोबा, माळ तुमच्या गळ्यात आहे, त्याच्या दाढीला नाही. जनाबाईच्या गावात राहता. साक्षात विठ्ठल तिच्या जात्याला बसला, ही गोष्ट तुम्हीच नातवंडांना सांगत असाल. एकनाथांनी भारुडांत वासुदेव, जोशी, फकीर अशी कितीतरी सोंगं घेतली. सोंगाला वारकरी कधी भ्यायला नाही, ढोंगाला भ्याला. तेव्हा खुशाल बसा.

केकचं मात्र सूनबाईंशी आजच बोला. बिनअंड्याचा केक बेकरीत मागून मिळतो, पण आधी सांगावं लागतं. कधीकधी दत्तजयंती याच दिवसांत येते. २०२३ साली ती २६ डिसेंबरला होती. उपास-सोवळं असेल त्या घरात दोन्ही गोष्टी एका ओट्यावर आणू नयेत, त्याने विनाकारण वाद होतो. सून तुमच्या नेमासाठी केक बदलते, तुम्ही तिच्या हौसेसाठी टाळ्या वाजवा. एवढा व्यवहार घरात असावा.

शंका : शाळेत सर्व मुलांना लाल टोपी घालून यायला सांगितलं आहे. काही पालक नाराज आहेत. सक्ती करावी का?
— एक शिक्षिका, जिंतूर

समाधान : नाही. संविधानाचं कलम २८(३) सांगतं की शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. टोपी म्हणजे उपासना नव्हे, हे खरं. पण ज्या घराला नको त्याला सूट द्या आणि टोपी नसलेल्या मुलाला मागच्या रांगेत बसवू नका. हाच नियम तुमच्या शाळेतल्या गणपतीलाही लावा, म्हणजे तुमचं म्हणणं कुणी खोडून काढणार नाही.

शंका : मुलगी सात वर्षांची. ‘हा खरा सांता आहे का?’ विचारते. काय सांगू?
— एक वडील, सेलू

समाधान : मोठ्यांदा विचारत असेल तर तिला अर्धं उत्तर आधीच कळलं आहे. खोटं बोलू नका. आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाचं गाव होतं, तिथे चौथ्या शतकात निकोलस नावाचा बिशप होऊन गेला. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने गुपचूप सोनं ठेवलं, अशी कथा आहे. लाल कपड्यांतला ढेरपोट्या म्हातारा फार नंतरचा. अमेरिकेत थॉमस नास्टच्या चित्रांनी आणि पुढे १९३१पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी तो घराघरांत नेला. हे सांगा आणि म्हणा, ‘आपल्याकडे आलेला दादा त्याचं सोंग घेतो.’ मग तिलाच शेजारच्या घरी गुपचूप एक भेट ठेवून यायला पाठवा. लहान भावंडांना मात्र तिने इतक्यात सांगू नये, हेही तिला समजावा.

शंका : मी कार्यक्रमांत मोटू, मिकी होतो. डिसेंबरात सांताची कामं मिळतात. मी मुसलमान आहे. घेऊ का? आयोजक पैसे उशिरा देतात, तेही आहेच.
— एक कलाकार, पाथरी

समाधान : धर्माच्या बाजूचा निर्णय तुमच्या विश्वासातल्या जाणत्या मौलवींना विचारा. तो अधिकार माझा नाही. आचरणाच्या बाजूने सांगतो. मुलांना हसवून भेटी वाटणं हे काम आहे, प्रार्थना नव्हे. जे मनाला पटत नाही ते तोंडाने म्हणायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. कष्टाच्या पैशात लाज नाही. दर आधी लिहून घ्या, अर्धी रक्कम ॲडव्हान्स घ्या, ड्रेसचं भाडं वेगळं लावा.

आयोजकांनाही सांगणं आहे. याची राहिलेली बाकी ३१ डिसेंबरच्या आत चुकती करा.