देवाचा पलंग आणि आपली वळकटी

आषाढी जवळ आली की चांगला दिवस पाहून पंढरीत देवाचा पलंग काढतात. त्या दिवसापासून शेजारती नाही आणि देवाला झोपही नाही. पाठीशी लोड दिला जातो आणि रात्रंदिवस दर्शन चालू राहते. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याने स्नान होते, शिणवटा जावा म्हणून काढा दिला जातो, आणि मग पलंग पुन्हा जागेवर येतो. कार्तिकीलाही हाच क्रम असतो. आपण भाविक याकडे देवाची करुणा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण माउली, एका जुन्या संस्कृत सुभाषितकाराला देवांच्या झोपेविषयी निराळीच शंका आली होती. लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात जाऊन का निजतात, याचे कारण त्याने गमतीने सांगितले आहे: ढेकणांच्या भीतीने!

सुभाषितकार पंढरीला आला असता तर विटेवर उभ्या देवाविषयी काय म्हणाला असता, कोण जाणे. आपल्याजवळ मात्र क्षीरसागर नाही. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, जिथे पालखीचा तळ पडेल तिथे आपली पथारी. पंढरीत पोचल्यावर कुणी मठात, कुणी धर्मशाळेत, कुणी पासष्ट एकरात राहुटीत, कुणी नातलगाच्या ओसरीवर. आणि जिथे माणसे दाटीने निजतात तिथे ढेकूण येतोच. वारीच्या वर्णनात आपण रिंगण लिहितो, धावा लिहितो, पावसात भिजलेली पताका लिहितो. वळकटीतून घरी आलेल्या या सोबत्याविषयी कुणी लिहीत नाही. विषय किळसवाणा वाटेल, तरी आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे. याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो माळकऱ्याला टाळता येणारा नाही.

आधी ढेकणाची ओळख नीट करून घेऊ, कारण बहुतेकांची ती ऐकीव असते. मसुरीच्या डाळीएवढा, चपटा, तपकिरी. त्याला पंख नाहीत. तो उडत नाही, उडीही मारीत नाही, फक्त चालतो. दिवसा गादीच्या शिवणीत, बाजेच्या सांध्यात, भिंतीच्या फटीत दडून राहतो. रात्री आपला श्वास आणि अंगाची ऊब यांच्या मागाने येतो, रक्त पितो आणि परत फटीत जातो. चावतानाच जागा बधिर करतो, म्हणून तेव्हा कळत नाही. मादी आयुष्यभरात शेकड्यांनी अंडी घालते. अंडी खसखशीच्या दाण्याएवढी, पांढरी, कापडाला चिकटलेली. पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक कातीआधी त्याला रक्त लागते. मोठा ढेकूण मात्र महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. कार्तिकीनंतर बंद केलेल्या खोलीत तो माघीच्या यात्रेची वाट पाहत बसू शकतो. इतका निष्ठावान वारकरी दुसरा नसेल! त्याच्या चाव्याने रोग पसरतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. झोप मात्र जाते, खाजवून जखमा होतात, आणि दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची झोप जाणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे. ढेकूण चावला की सगळ्यांच्या अंगावर गांधी उठतात असे नाही. कुणाला तासाभरात उठतात, कुणाला काही दिवसांनी, आणि काहींना काहीच होत नाही.

आता मूळ प्रश्न. गळ्यात तुळशीची माळ आहे, मांसाहार सुटलेला आहे, मुंगीसुद्धा चिरडू नये असे लहानपणापासून ऐकले आहे. पहाटे काकड्याला उठताना उशाशी ढेकूण दिसला तर काय करायचे? काही वृद्ध वारकरी त्याला चिमटीत धरून राहुटीबाहेर हलकेच सोडतात. पाहणाऱ्याला भरून येते. पण तो सोडलेला ढेकूण जातो कुठे? रानात त्याला खायला काही नाही. त्याचे अन्न माणूस आहे, म्हणून तो जातो शेजारच्या राहुटीत.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेस आला होता. तिथल्या पांजरपोळाचे त्याने जे वर्णन लिहिले आहे, ते वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. लंगडी गुरे, म्हातारे बैल यांच्याप्रमाणेच तिथे ढेकूण-पिसवांनाही आश्रय होता. त्यांचे पोषण व्हावे म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर बाजेवर निजवीत. त्याने मध्येच उठून पळू नये म्हणून त्याला बाजेला बांधून ठेवीत. परक्या प्रवाशाच्या लिहिण्यात थोडे तिखटमीठ असेल असे समजून ते सोडून देता येईल. पण त्या चित्रापुढे क्षणभर थांबा. दया आहे, खरी आहे, खर्चही केला आहे. फक्त रक्त दुसऱ्याचे आहे, आणि ते नेमके ज्याला चार पैशांची गरज आहे त्याचे आहे.

ढेकूण सापडल्यावर मारायला हात धजत नाही म्हणून, किंवा कटकट नको म्हणून, आपण गप्प बसतो आणि सकाळी वळकटी बांधून पुढे निघतो. तेव्हा आपण त्या बाजेवर दुसरे कुणीतरी बांधून ठेवलेले असते. उद्या त्या गादीवर कोण निजणार? ज्याच्याजवळ निवड असते तो दुसरी खोली मागतो. ज्याला निवड नसते तो तिथेच निजतो.

याला उत्तर म्हणून कुणी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय पुढे ठेवील, आणि तो आक्षेप मी हलका मानीत नाही. तिथे माउली अहिंसा सांगण्याआधी खोट्या अहिंसेचा झाडा घेतात. एका जीवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या जीवाचा घात करायचा आणि त्याला उपचार म्हणायचे, या आयुर्वेदाच्या रीतीलाही ते सोडत नाहीत. मग माणसाची झोप वाचावी म्हणून ढेकूण मारणे त्याच कुळातले नाही का? आहे. मला तरी यातून सुटायला वाट दिसत नाही, आणि उकळते पाणी ओतताना आपण पूजा करतो आहोत असे सोंग कुणी आणू नये. पण हिंसा कमी कशाने होते, हे तरी पाहावे. आज एक मादी घरात शिरू दिली नाही तर एकही जीव मारावा लागत नाही. आज दया म्हणून वळकटी तशीच कोनाड्यात ठेवली, तर दिवाळीपर्यंत शेकडो मारावे लागतात आणि तेही विष फवारून. म्हणून आळसाला भूतदया म्हणू नये एवढाच माझा आग्रह आहे. ढेकूण येऊच न देण्याचे जे काम, झटकणे, पाहणे, धुणे, उन्हात टाकणे, त्यातच माळकऱ्याला शोभेल अशी अहिंसा सर्वांत जास्त सापडते.

ते काम अवघड नाही. सोलापूर हे तर यात्रेकरूंचे नाके. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, सगळ्या वाटा इथून फुटतात. स्टेशनाजवळच्या लॉजमध्ये किंवा भक्तनिवासात खोली मिळाली की सामान लगेच पलंगावर टाकू नका. आधी गादीचा कोपरा उचला आणि मोबाईलच्या उजेडात शिवण पाहा. शाईचे बारीक ठिपके दिसले, कातीची पापुद्री टरफले दिसली, तर तिथे ढेकूण आहेत. सामान भिंतीला आणि पलंगाला न टेकवता खुंटीला टांगा, किंवा प्लास्टिकच्या गोणीत घालून तोंड बांधा. घरी परतल्यावर वळकटी उंबऱ्याच्या आत नेऊ नका. आपली सोलापुरी चादर सुती असते, ती कढत पाण्यात खुशाल बुडवा. त्या पाण्याने ढेकूणही मरतो आणि अंडीही. घोंगडीला कढत पाणी सोसत नाही. तिला काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून दिवसभर कडक उन्हात ठेवा आणि मधून मधून उलटी करा. उघड्या उन्हात नुसती पसरली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो. आषाढात ऊन मिळत नाही ही अडचण खरी आहे. तेव्हा गोणी बांधलेलीच बाहेर ठेवावी आणि ऊन पडेल त्या दिवशी उघडावी. शेतात मारायचे औषध किंवा धान्यात ठेवायच्या गोळ्या निजायच्या खोलीत मुळीच वापरू नका. त्या गोळ्यांचा वायू ढेकणाआधी माणसाला मारतो.

हे सगळे आपल्या आज्या न शिकता करीत होत्या. सोलापूरच्या जुन्या चाळींत सुट्टीच्या दिवशी बाजा अंगणात निघत, दगडावर आपटल्या जात, आणि सांध्यांत किटलीने उकळते पाणी ओतले जाई. एका घरचे पाणी उकळले की शेजारीण आपली बाज घेऊन येई. त्यात लाज नव्हती, कारण ढेकूण सगळ्यांकडे होते. लाज पुढे आली, काहींच्या घरचे ढेकूण गेले आणि काहींचे राहिले तेव्हा. आता ढेकूण म्हटले की ते ज्याच्याकडे निघतील तो माणूस घाणेरडा, असा निकाल लागतो. वास्तविक त्याला घाणीशी घेणेदेणे नाही, त्याला रक्त हवे. २०२३ साली पॅरिससारख्या शहरात रेल्वेपासून चित्रपटगृहांपर्यंत ढेकणांच्या बातम्यांनी लोक हैराण झाले होते.

आणि इथे वारकऱ्याने विशेष जपावे. राहुटीत पहाटे ढेकूण सापडतो. कुणी काही बोलत नाही, पण सगळ्यांच्या नजरा हळूहळू एका फाटक्या गोधडीकडे वळतात. ती असते एखाद्या एकट्या म्हातारीची, किंवा वाटेत दिंडीला येऊन मिळालेल्या मजुराची. त्या रात्री तिची पथारी दाराशी सरकते, दुसऱ्या रात्री सामानाच्या ट्रकखाली जाते. तिला जा असे कुणी म्हटलेले नसते. आता मघाची गोष्ट आठवा. ज्याच्या अंगावर गांधी आहेत त्यानेच ढेकूण आणला असे नाही, आणि ज्याच्या अंगावर नाहीत त्याची वळकटी स्वच्छ आहे असेही नाही. ढेकूण मंडपवाल्याच्या गादीतून आला असेल, ताडपत्रीतून आला असेल, एसटीच्या आसनातून आला असेल किंवा आपल्या इस्त्रीच्या पिशवीतून. कुणाचा, हे ठरवणे जवळजवळ अशक्य आहे, तरी आपण ते नजरेने क्षणात ठरवतो. ढेकणाच्या संगतीने हिरा भंगतो असा कुसंगाचा दृष्टांत तुकोबांनी दिला आहे, पण तो स्वतःच्या संगतीविषयी सावध होण्यासाठी आहे. राहुटीत कोण हिरा आणि कोण ढेकूण हे वाटून देण्यासाठी नव्हे.

पंढरीत माणसाला दाराशी थांबवण्याचा इतिहास मोठा आहे, तो आपल्याला ठाऊक आहे. ज्यांना कुठे टेकायला जागा मिळत नव्हती त्यांच्यासाठी गाडगेबाबांनी इथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबांच्या हाती खराटा असे हे सगळे सांगतात. त्या खराट्याने घाण झाडली, माणूस झाडला नाही, हे वेगळे सांगावे लागते. ढेकूण टाळायचा म्हणून शेजारचा टाळला, तर त्याच दारावर आपण पुन्हा आडणा लावला.

मग करायचे काय? माझ्या मते एकच रीत सगळ्यांची लाज राखते: कुणा एकाची नव्हे, सगळ्यांची वळकटी उघडायची. दिंडीप्रमुखाने सकाळी सांगावे की राहुटीत ढेकूण निघाला आहे, आज मुक्कामी पोचल्यावर सगळ्यांनी अंथरुणे बाहेर काढावीत, आणि पहिली आपली काढावी. विणेकऱ्याची निघाली, पखवाजवाल्याची निघाली, की म्हातारीचीही आपोआप निघते. एरवी पंगतीला आपण एका ओळीत बसतो, हेही तसेच. स्वयंपाकाच्या चुलीवर एक मोठे पातेले पाण्याचे चढवले की झाले. आणि ती गोधडी फारच विरलेली असली, तर दिंडीच्या भिशीतून एक चादर घेणे काही जड नाही.

मठ सोडतानाही एवढे करा. व्यवस्थापकाला भांडणाच्या सुरात सांगू नका. एका लॉजवर मी तक्रार केली तेव्हा, "तुमच्याच सामानातून आला असेल," असे उत्तर मिळाले. खरे सांगायचे तर ते खोटे ठरवायला माझ्याजवळ काही नव्हते. कुणाचा हा वाद काढलाच नाही तर समोरचाही ऐकतो. "बाबा, कोपऱ्यातल्या तिसऱ्या गादीत ढेकूण आहेत. कुठून आले ते राहू द्या. आज नवी दिंडी येण्याआधी ती बाहेर काढू," असे म्हणा आणि एक टोक आपण धरा. गादी दोघांनी धरली की जिन्यावरून सहज उतरते.