मातीच्या बांधाची राखण

‘मातीच्या ढिगाऱ्याला कसलं आलंय संरक्षण?’ इंग्लंड-वेल्स सीमेवरच्या ऑफाच्या बांधाचा विषय निघाला, तेव्हा एका परिचितांनी विचारलं. किल्ल्याचा एक चिरा निखळला तरी हळहळणारा हा माणूस. म्हणून तो प्रश्न अधिकच लागला.

मर्सियाच्या ऑफा राजाने (757–796) वेल्सच्या बाजूला खंदक खणून आत मातीचा बांध घातला, हे कोणतंही प्रवासवर्णन सांगतं. पण याचा लेखी आधार काय? ॲसर नावाच्या वेल्श साधूने 893 मध्ये, राजाला जाऊन जवळपास शतक झाल्यावर केलेला ओझरता उल्लेख. बांध किती टप्प्यांत घातला, कशासाठी घातला – फौजा अडवायला, गुरं पळवणाऱ्यांना रोखायला की नुसता दरारा बसवायला – याची साक्ष बांधाच्या पोटातच आहे: मातीखाली दबलेलं जुनं गवत, कोळशाचे कण, खंदकातला गाळ. काही वारसा डोळ्यांना दिसतो, काही पोटात साठवलेला असतो. ढासळलेल्या बुरुजाचे चिरे पुन्हा रचता येतात. मातीचे थर एकदा उलटले की ढीग पुन्हा घालता येईल, साक्ष परत येणार नाही.

2013 मध्ये वेल्समधल्या चर्कजवळ या बांधाचा एक तुकडा यंत्राने सपाट झाला. संरक्षित स्मारक असूनही खटला उभा राहिला नाही. करणाऱ्याला ते ठाऊक होतं, हे सिद्ध होईना. ‘सामान्य माणसाला काय कळणार?’ हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. स्वतःच्या जमिनीत यंत्र घालण्याआधी चौकशी करणं कुणालाही जमतं. 2016 च्या वेल्सच्या कायद्याने तेच बंधन घातलं: वाजवी ती सगळी चौकशी केली होती, हे आता आरोपीने दाखवायचं. योग्यच झालं.

पण यंत्राचा घाव एखादाच. बॅजर नावाचा प्राणी याच बांधात बिळं पोखरतो, आणि त्या बिळांना वेगळ्या कायद्याचं संरक्षण आहे! बांधाच्या कायद्याने बॅजरला हटकायचं, तर बॅजरचा कायदा आडवा येतो.

आणि नांगर? आपल्याकडे शेजारी दरवर्षी नांगराच्या एका तासाएवढा बांध कोरतो, तसंच तिथे चालतं, तेही कायद्याच्या संमतीने: आधीपासून नियमित नांगरणी होत असेल, तर संरक्षित स्मारकावरही नेहमीच्या खोलीपर्यंत ती चालू ठेवायला वेगळी परवानगी लागत नाही. दंड वाढवा, असं म्हणायला मी बसलो होतो. आता वाटतं, आधी ही सवलत काढावी आणि बांधाची तेवढी पट्टी कायमची गवताखाली ठेवणाऱ्या शेतकऱ्याला बुडालेल्या पिकाचे पैसे दरवर्षी द्यावेत. माफक मेंढ्या चरल्या की झुडपंही माजत नाहीत. तिथली राखण त्या शेतकऱ्याच्याच हातात आहे, आणि तिचा खर्च एकट्या त्याच्याच माथी पडू नये.