म्हणायचं नसतं

वाईच्या घरात पहाटे माझी झोप मोडायची ती अण्णांच्या वेदाच्या घनपाठानं. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग दुसऱ्या पदापासून पुन्हा तोच झोका. पदं अशी उलटी म्हटली की अर्थ पार विसकटतो, पण एक मात्राही गळत नाही. प्रत्येक पदाला मागचं आणि पुढचं पद धरून ठेवतं. आठ-नऊ वर्षांची असताना मी एकदा त्यांच्यामागून म्हणू लागले. अण्णा थांबले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळ, मुलींनी हे म्हणायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? नसतं."

पुढं तीस वर्षं मी महाविद्यालयात साहित्यसिद्धान्त शिकवला. दरवर्षी संरचनावादाच्या पहिल्या तासाला मला ते 'नसतं' आठवायचं.

त्या तासाला मी टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडत असे. एक घोडा काढून त्याच्या जागी शर्टाचं बटण ठेवायचं आणि विचारायचं, डाव मोडला का? नाही. दोघांनी बटणाला घोडा मानलं की ते अडीच घरं चालतं. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरचं म्हणणं हेच. शब्दाची किंमत त्याच्या अंगात नसते, इतर शब्दांपासून तो वेगळा आहे यात असते. 'झाड' या ध्वनीत झाडासारखं काही नाही. नातं यादृच्छिक आहे. तरीही ते एकट्यादुकट्याला बदलता येत नाही, कारण भाषाव्यवस्था बोलणाऱ्याच्या आधीपासून तिथं असते. हा माणूस जिनिव्हात संस्कृतही शिकवायचा. १८८० साली लायप्झिगला त्यानं डॉक्टरेट मिळवली तीच संस्कृतातल्या सत् षष्ठीवर. १९१३ मध्ये तो गेला आणि १९१६ साली दोन सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून त्याची व्याख्यानं पुस्तकरूपात आणली. म्हणजे संरचनावादाचा मूळ ग्रंथ त्याच्या कर्त्यानं लिहिलेलाच नाही!

मग त्या वाटेनं बाकीचे आले. १९२८ साली व्लादिमिर प्रॉपनं शंभर रशियन अद्भुतकथा उलगडून दाखवल्या. नायक बदलतात, राक्षस बदलतात, पण घडामोडी एकतीसच आणि त्यांचा क्रमही ठरलेला. मानववंशशास्त्रज्ञ लेवी-स्ट्रोसला न्यूयॉर्कच्या निर्वासित दिवसांत भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन भेटला. ध्वनींच्या अभ्यासातली विरोधी जोड्यांची रीत लेवी-स्ट्रोसनं त्याच्याकडून उचलली आणि मिथकांना लावली : कच्चं आणि शिजवलेलं, निसर्ग आणि संस्कृती. माणसं मिथकं रचत नाहीत, माणसांच्या नकळत मिथकंच त्यांच्यातून विचार करतात, इथपर्यंत तो गेला. आणि १९६७ मध्ये रोलाँ बार्थनं लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली. लेखन म्हणजे असंख्य ठिकाणांहून आलेल्या धाग्यांचं विणकाम; त्यामागं अर्थाचा धनी शोधू नका. अर्थाला शेवटचा टाका घालायला नकार देणं म्हणजे देवालाच नकार देणं, असंही त्यानं त्यात सुचवलं.

हे सगळं मी एका उन्हाळ्याच्या सुटीत अण्णांना सांगितलं. मला वाटलं, देवाचं नाव आल्यावर ते चिडतील. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "यात नवं काय? वेदाला कर्ता नाहीच."

मीमांसकांचं हे मत मला ठाऊक होतं. ज्या वाईत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला, तिथं ते कानावर पडल्यावाचून राहत नाही. पण बार्थच्या शेजारी ते मी कधी ठेवून पाहिलं नव्हतं. शब्द आणि अर्थ यांचं नातं मीमांसकांचा सूत्रकार जैमिनी नित्य मानतो. सोस्यूरच्या नेमकं उलट. पण ते कुणा एकाच्या हातात नाही, यावर दोघांचं जुळतं. काठक शाखेला कठाचं नाव का? मीमांसक सांगतात, त्यानं ती शिकवली म्हणून, रचली म्हणून नव्हे. जग निर्माण करणारा ईश्वरही त्यांना लागत नाही. नैयायिकांचा वेद ईश्वराच्या शब्दावर उभा आहे. मीमांसकांचा कुणाच्याच शब्दावर नाही.

"आणि का नाही, ते सांग," अण्णा म्हणाले. "बोलणारा आला की चूक आली, लबाडी आली. बोलणाराच नाही, तर दोष कुणाला लावशील?"

'आमच्याकडे हे आधीच होतं' असा डांगोरा पिटायला हा किस्सा सोयीचा आहे. मला मात्र त्या दुपारी उलटंच दिसलं. बार्थनं लेखकाला बाजूला केलं ते अर्थावर कुणाची मालकी राहू नये म्हणून. मीमांसकांनी कर्त्याला बाजूला केलं ते वेदाच्या शब्दाला कुणी आव्हान देऊ नये म्हणून. कर्ता नाही, हे दोघांचंही म्हणणं. पण एकीकडे वाचक मोकळा झाला, दुसरीकडे आज्ञा पक्की झाली. तेव्हा लेखक मेला की वाचक आपोआप सुटतो, हे मी वर्गात इतक्या सहज सांगायला नको होतं.

आणि याचा इशारा खुद्द बार्थनंच दिलेला होता. त्याचं १९५७ सालचं पुस्तक, 'मिथोलॉजी', मी शिकवत असे. नीट वाचलं ते या दुपारनंतर. न्हाव्याच्या दुकानात बसलेला असताना त्याच्या हाती 'पारी-माच'चा अंक येतो. मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णीय तरुण सलाम ठोकतोय. चित्र काय म्हणतं? साम्राज्य महान आहे, त्याची सगळी लेकरं निष्ठावंत आहेत. हे कुणी म्हटलेलं नाही, नुसतं दिसतंय. बार्थ सांगतो, मिथकाचं काम हेच : माणसांनी केलेल्या गोष्टीला निसर्गाचा रंग देणं. इतिहास पुसायचा आणि म्हणायचं, हे असंच असतं.

'असतं' आणि 'नसतं'. मराठीत या क्रियापदांची मोठी सोय आहे. तिन्हीसांजेला झाडायचं नसतं, थोरांना उलट बोलायचं नसतं, मुलींनी घन म्हणायचा नसतो. नियम करणारा वाक्यात कुठंच सापडत नाही. कथा वाचताना कर्ता सापडला नाही तर मला चालतं. कथा मोठी होते. नियम वाचताना मात्र तो हुडकायलाच हवा, कारण त्या रिकाम्या जागेमागं बहुतेकदा कुणाची तरी सोय दडलेली असते. संरचनावाद्यांनी मला व्यवस्था कशी बोलते ते शिकवलं. तिला जाब कुणी विचारायचा, याचं उत्तर मात्र त्यांच्या पटावर नाही. तिथं घोडाही फक्त एक जागा आहे.

अण्णा ब्याऐंशीचे झाले तेव्हा घन म्हणताना अडखळू लागले. एका पहाटे तीन-दोन-एकवर ते थांबले. पद आठवेना. पुन्हा मागं गेले, पुन्हा तिथंच अडले. मी चहा घेऊन दारात उभी होते. ते पद मला येत होतं. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेलं. मी ते म्हटलं, स्वरासकट.

त्यांनी वळून पाहिलं नाही. पद उचललं आणि पुढं गेले.