मातीशी पाच मिनिटं

बसा. गच्ची, अंगण, बाल्कनी, जिथे तुमची भाजीची कुंडी असेल तिथे. ऊन अजून कोवळं आहे. फोन आतच राहू दे.

वरचा पाचोळा हळूच बाजूला सारा. दोन पेरं आत जातील इतकी बोटं मातीत घाला नि थांबा. गारवा लागतोय? फरशी एव्हाना तापायला लागलीय. आतला ओलावा त्या पाचोळ्यानं राखलाय. उघड्या मातीला हे जमत नाही.

आता मूठभर माती दाबून लाडू वळा. अंगठ्यानं टोचल्यावर फुटला तर पाणी बेताचं आहे. बोटांतून पाणी ठिबकलं तर आज झारीला सुट्टी.

मूठ नाकाशी न्या. सावकाश श्वास घ्या. वळवाच्या पहिल्या सरीचा वास येतोय ना? तो जिऑस्मिनचा. मातीतले सूक्ष्म जीव ते बनवतात. आंबूस, कुजका वास आला तर आत हवा पोचत नाहीये. सुका पाचोळा मिसळून माती उकरा. बाटलीतलं औषध शोधत बसू नका. रोज काहीतरी ओतायची आपल्याला भारी हौस!

श्वास सोडा. मुठीतली ही माती आधी काय काय होती ते आठवा. मेथीच्या काड्या, चहाचा चोथा, केळ्याची सालं, आंब्याची वाळकी पानं, रसवंतीवरून आणलेली चिपाडं. ओल्यातून नत्र, सुक्यातून कर्ब. एक डबा ओलं तर दोन-तीन डबे सुकं. हे सगळं घालून खताचा ड्रम काठोकाठ भरला होता. काही महिन्यांत निम्म्याखाली बसला. बाकीचं गेलं कुठे? बरंचसं हवेत. ते खाणारे असंख्य जीव तुमच्यासारखाच श्वास सोडत होते, तोच कार्बन डायऑक्साइड. घटकाभर त्यांच्याबरोबर श्वास घ्या, सोडा. घाई नको, त्यांनाही नव्हती.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. पाल्यापाचोळ्यातून आपली माती आपणच करावी, हे त्यांनी शहरातल्या माणसांनाही शिकवलं. विकतच्या खताच्या पिशवीपुढे मला अजूनही तेच पटतं.

मूठ उघडा. माती होती तिथे ठेवा, पाचोळा पुन्हा पांघरा. मधे एखादं गांडूळ उघडं पडलं असेल तर आधी त्याच्यावर माती सारा. ते कातडीनं श्वास घेतं, आणि कातडी सुकली की मरतं.