लाकडी बैल कुणाचा?



विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर ओढत नेतात आणि खाऊ किंवा पैसे, म्हणजे ‘बोजारा’, मिळवतात. आता बहुतेक बैल बाजारातूनच येतात. तरी एखादे आजोबा चाकू घेऊन नातवासाठी बैल कोरायला बसतातच. आपल्या शनिवार पेठेतून तुळशीबाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे, खेळणी हवी तेवढी मिळतात. मग ही खटपट कशासाठी?

विकत घेताना आपण मुलाच्या वयाचा विचार करतो, कोरताना त्या एका मुलाचा. शिंग डोळ्याला लागू नये म्हणून टोक बोथट करायचे. पाठ त्याच्या मुठीत मावेल एवढीच ठेवायची. तो सगळे तोंडात घालतो, म्हणून रंग लावायचा नाही. शिवाय लाकूड आपले ऐकत नाही. रेषांच्या उलट चाकू चालवला की ढलपी उडते, पाय मोडतो. (पांगारा मऊ असतो. सावंतवाडीचे कारागीर खेळण्यांसाठी तो वापरत आले आहेत.)

पण धोकाही या कष्टांतच आहे. सावंतवाडीच्या कारागिराला त्याचे मोल मिळते. पुढे मुलाने खेळण्याचे काय केले, हे विचारायला तो येत नाही. आजोबांना मोल मिळालेले नसते, म्हणून हिशेब मनात राहतो. “आठ दिवस खपलो, आणि हा प्लॅस्टिकच्या गाडीशी खेळतो!”

१३ व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे म्हटले की, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिले जाते तेच खरे दान. परतफेड म्हणजे केवळ पैसा नव्हे, असे मला वाटते. कौतुकाची अपेक्षा हीदेखील वसुलीच. मग मुलाला कृतज्ञता शिकवू नये का? जरूर शिकवावी, पण ते काम आईवडिलांचे. देणाऱ्याने स्वतः ते मागू नये.

आईवडिलांचीही एक गोष्ट मला खटकते. “हात लावू नकोस, आजोबांनी केलाय, मोडेल,” असे म्हणून बैल शोकेसमध्ये जातो. म्हणजे दिलेली वस्तू मुलाकडून परत घेतली गेली, तीही प्रेमाच्या नावाने. मोडलेले शिंग आजोबा पुन्हा चिकटवू शकतात. आपल्या घरी असा एखादा बैल कपाटावर बसला असेल, तर आज दुपारी तो खाली काढून दोरी बांधून द्यावा.