उरलेल्या मळाचे काय?

संत मत्तयच्या शुभवर्तमानात पिलात पाणी मागवतो आणि लोकसमुदायासमोर हात धुतो. त्याचे हात स्वच्छ झाले; दोष मात्र नाहीसा झाला नाही. तो दुसऱ्यांच्या माथी गेला, एवढेच. हा प्रसंग अलीकडे आम्हांला वारंवार आठवतो, आणि तोही एका अगदी वेगळ्या विषयाच्या निमित्ताने. पाणी शुद्ध करण्यासाठी व सूर्यप्रकाशापासून वीज मिळवण्यासाठी विज्ञानाने जे अतिसूक्ष्म पदार्थ हाती दिले आहेत, त्यांना 'नॅनो' पदार्थ म्हणतात. त्यांचा विचार करताना जो नैतिक प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

चंद्रपूर व १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे आपल्या राज्याच्या पूर्व टोकाचे वनजिल्हे. ही भूमी आपल्याला अगदीच परकी नाही. १९७७ साली स्थापन झालेला चांदा धर्मप्रांत याच भागात आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आढळते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते. पाणी दिसायला निर्मळ असते. उकळूनही हा दोष जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. उघड्या विहिरींच्या पाण्यातून रोगराई पसरू नये म्हणून देशभर बोअर खणून हातपंप बसवले गेले. हेतू चांगलाच होता. पण खोल खडकातले पाणी वर आले ते अनेक ठिकाणी फ्लोराइड घेऊनच.

यावर उपाय शोधले गेले. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने तुरटी व चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची 'नलगोंडा' पद्धत विकसित केली. ॲल्युमिनाच्या कणांवर फ्लोराइड चिकटवून घेण्याची रीतही रूढ आहे. नॅनो पदार्थांचे सामर्थ्य येथेच दिसून येते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाला सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. त्याच घनाचे एक नॅनोमीटरचे, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश भागाएवढे, तुकडे केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होतो! चिमूटभर भुकटीत दीड एकराचे शेत दडलेले असावे, तसे हे आहे. जेवढा पृष्ठभाग अधिक, तेवढे विष धरून ठेवायला जागा अधिक. धानाच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून रोगजंतू मारणारा 'टाटा स्वच्छ' हा जलशुद्धक २००९ साली बाजारात आला. त्याला वीज लागत नव्हती, नळही लागत नव्हता. फ्लोराइड काढणे हे त्याचे काम नव्हते; पण सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडच्या धानगिरण्यांबाहेर ज्या तुसाचे ढीग साचतात, त्याचेही असे मोल होऊ शकते, हे पाहून परमेश्वराच्या निर्मितीविषयी कृतज्ञता वाटल्यावाचून राहत नाही.

तथापि, येथेच थांबून एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. गाळणीत अडकलेले फ्लोराइड नष्ट होत नाही. ते केवळ जागा बदलते. भुकटी भरून गेली की ती बदलावी लागते किंवा क्षाराने धुवावी लागते, आणि ते धुवण सर्व विष घेऊन बाहेर पडते. ते कोठे टाकायचे? हातपंपाशेजारच्या खड्ड्यात ओतले तर पावसाळ्यात पुन्हा जमिनीत मुरणार. जी चांदी माठातले जंतू मारते, ती ओढ्यात गेली तर तेथल्या सूक्ष्म जिवांनाही सोडत नाही.

विजेचेही असेच आहे. १९९९ सालापासून चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीच्या वाहिनीतून वीज येते. मुंबईच्या परिसरात आपण ख्रिस्तजन्माच्या रात्री घरावर तारा लावतो, तेव्हा त्या उजेडात चंद्रपूरच्या कोळशाचा वाटा असू शकतो. प्रकाश आपल्याकडे येतो. धूर आणि राख तिकडे राहते. सौरघट हे यावरचे आशादायी उत्तर आहे. १९९१ साली ग्रेट्झेल व ओरेगन यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांवर रंगद्रव्य चढवून स्वस्त सौरघटाचा मार्ग दाखवला. त्याच मार्गावर २००९ साली जपानमध्ये पेरोव्हस्काइट घट तयार झाले; त्यांची कार्यक्षमता सुमारे चार टक्क्यांवरून आता पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली आहे. मात्र यांतील उत्तम घटांमध्ये शिसे असते. घट फुटला, भिजला, तर ते शिसे कोणाच्या मातीत जाणार, हा प्रश्न येथेही उरतोच.

मग काय, दोषरहित उपाय सापडेपर्यंत तहानलेल्यांनी वाट पाहावी? मुळीच नाही. पाठ वाकू लागलेल्या माणसाला आपला सूक्ष्म विवेक नको आहे, पाणी हवे आहे. शुद्ध पाणी हा मानवाचा मूलभूत हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. यंत्र देणे चूक नव्हे. यंत्र देऊन हात धुणे, ही चूक आहे.

दयाळू शमरोनीची कथा आपण जखमा बांधण्यापाशीच सोडून देतो. संत लूक मात्र पुढेही सांगतो: त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, अधिक खर्च झाला तर परत आल्यावर फेडीन असे सांगितले. त्याच्या दयेत उद्याचा खर्च धरलेला होता आणि परत येण्याचे वचन होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. अशा प्रदेशातील गाळणीची भुकटी कोण बदलणार, हे ठरवल्याशिवाय दिलेले दान अर्ध्यावरच सोडलेले दान होय.

आणखी एक गोष्ट. ज्याच्यासाठी उपाय, त्याला विचारले पाहिजे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचेही म्हणणे डावलून पुढे जायचे नाही, असा तिथला शिरस्ता. जुनी भुकटी कोठे पुरावी, हे त्या मातीत राहणारी माणसेच जाणतात.

आपल्या धर्मग्रामांत उपवासकाळात दानपेटी फिरते. तीत टाकलेल्या पैशातून कधी एखाद्या दूरच्या गावाला गाळणी जाईल, कधी सौरदिवा. पैसे जरूर द्यावेत. परंतु देताना विचारावे की, पुढच्या वर्षी तिची देखभाल कोण करील, आणि तिच्यात साठलेला मळ कोणाच्या दारी जाईल? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत आपली जबाबदारी संपली, असे आम्हांला म्हणवत नाही.