मिठाला जागणे

१९१६च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा आम्हा वऱ्हाडच्या लोकांनी नीट पाहावा असा आहे. २८ तारखेला बेळगावात टिळकांची होमरूल लीग निघाली. अमरावती-अकोला तिच्याच क्षेत्रात, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांचे सोबती. होमरूल हा शब्द आयर्लंडचा. तिथे डब्लिनमध्ये बंड पेटले होते. २९ला बंडवाले शरण आले. त्याच दिवशी इराकात कुत येथे इंग्रजी फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे टाकली. तिच्यात मराठा पलटणी होत्या, मुसलमान शिपाईही होते.

रेडमंडने स्वराज्याच्या आशेवर आयरिश तरुणांना इंग्रजी फौजेत धाडले. ते परतले तेव्हा घरचे वारे फिरले होते. आमच्या मुसलमान शिपायाचा पेच याहून बिकट. समोर खलिफाचीच फौज. निजामाने (वऱ्हाडचा नावापुरता धनी तोच, १९०२पासून वर्षाला २५ लाखांवर मुलूख इंग्रजांकडे) १९१४मध्ये मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितले. १९२१मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने तीच नोकरी हराम ठरवली.

मग मिठाला जागलेला शिपाई गद्दार? निष्ठेचे दाखले मागणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही, म्हणून हा प्रश्न आम्ही जपून हाताळतो. शिपाई अगदीच मोकळा सुटत नाही. १९१५मध्ये सिंगापुरात काहींनी बंड केलेच, आणि ४७ जणांना गोळ्या घातल्या गेल्या. पण हिशेब आधी शपथ घ्यायला लावणाऱ्यांचा व्हावा. निजामाला तर किताब मिळाला.

आणि त्या शिपायाला इमान ठाऊक नव्हते, हे तर बोलूच नये. कुतच्या वेढ्यात उपासमार असताना हिंदू-मुसलमान शिपायांनी घोड्याचे मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवावी लागली.